उणे आठ प्रवासी

आमचे फुवा एका जागी स्वस्थ बसले आहेत असं दृश्य पाहिलेला माणूस धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानदेशात आत्या ती फुई आणि तिचे यजमान ते फुवा. धुळ्याच्या एका शाळेत ते गणित शिकवत. चहा उभ्याने, पेपर तपासणं येरझाऱ्या घालत, आणि एस.टी. फलाटाला लागायच्या आत यांचा एक पाय खाली. बरं, आपण अस्वस्थ असावं आणि दुसऱ्याला तरी स्वस्थ बसू द्यावं, तर तेही नाही. माणूस दिसला की त्याच्यावर आकडा फेकायचा. सोनगीरच्या एका लग्नात त्यांनी बोहल्याकडे निघालेल्या नवऱ्यामुलाला अडवलं आणि विचारलं, "अठ्ठ्याण्णव आणि सत्तावन्न?" मुलगा चांगला शिकलेला. त्याने मुंडावळ्या सावरत बोटाने हवेत हातचा लिहायला घेतला. "हात खाली!" फुवा ओरडले. "सत्तावन्नातले दोन इकडं दे, शंभर झाले. उरले पंचावन्न. एवढ्यासाठी हवा कशाला खरडतोस?" वरमाईला वाटलं, मानपानावरूनच काहीतरी बिनसलं, आणि तिची समजूत घालण्यात मुहूर्त टळता टळता राहिला.

आकडा सबंध गिळायचा नाही, भाकरीसारखा मोडून खायचा, हे त्यांचं म्हणणं. आणि उत्तराच्या आधी अंदाज सांगायचा. फुईने "भाकरी किती टाकू?" विचारलं तरी हे म्हणणार, "आधी तुझा अंदाज सांग." त्यावर फुई तव्यावरची नजर न काढता अहिराणीत म्हणायची, "मना अंदाज लगीनमाच चुकना!" दहावीची मुलं त्यांच्याकडे यायची बीजगणितासाठी, आणि फुवा दिवाळी आली तरी त्यांना 'क्ष'चं तोंड दाखवत नसत. ज्याला आठ कुठे मोडावा ते कळत नाही तो क्ष घेऊन काय करणार, असा त्यांचा सवाल. निम्मे पालक चिडून मुलं काढून घेत, आणि पुढच्या वर्षी नापास झालेल्या त्याच मुलांना परत आणून सोडत. फुवा त्यांना काही बोलत नसत, बोलायला थांबायला तर हवं.

मूल क्षसाठी तयार झालं हे ओळखायची त्यांची खूण मात्र जगावेगळी होती. खुळचट उत्तर आलं की त्याचं त्याला हसू आलं पाहिजे. जोवर हसत नाही तोवर बीजगणित नाही.

इथेच आमची अक्का अडकली. अक्का माझी थोरली बहीण. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा लहानग्या लेकीला घेऊन ती बोदवडला आमच्याकडे परत आली होती. गावातल्या बालवाडीत तिला काम मिळालं होतं, पण दहावीचं सर्टिफिकेट असेल तरच ते टिकणार होतं, आणि गणित दोनदा राहिलं होतं. ऑक्टोबरची परीक्षा ही शेवटची संधी. फुवा दर रविवारी धुळ्याहून यायचे, अंगणात फेऱ्या मारायचे आणि अक्का पायरीवर बसून मुकाट्याने गणितं सोडवायची. एकदा तिने आईचं वय छत्तीस आणि मुलीचं साडेसत्तेचाळीस काढलं आणि खाली पट्टीने दोन रेघा मारल्या. फुवा पोट धरून हसले. "काय व माय, पोर मायना आगोदर जलमनी का?" अक्का म्हणाली, "रीतीने तेच येतंय, फुवा." तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. सासरहून आल्यापासून ती हसलीच नव्हती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कुणीच बोललो नव्हतो.

गणपती गेले, तरी फुवांचं आपलं मोडा आणि अंदाज करा चाललेलंच. आबांचा, म्हणजे वडिलांचा, धीर सुटला. "दाजी, पोरीचं पोट आहे त्यावर. हसू राहू द्या, सूत्रं घोकून घ्या." फुवा नुसतेच फेरी मारून आले. पण त्यांनाही धास्ती वाटली असावी, कारण पुढच्याच रविवारी, अक्का न हसताच, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला आणि क्ष काढला. तसं करताना ते फार चिडलेले होते.

परीक्षेचं केंद्र जळगावला होतं. आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे, फुवा रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सुटल्यावर अक्का आली ती तोंडाला पदर लावून. आबांना वाटलं, गेलं वर्ष. जवळ आल्यावर कळलं की ती हसत होती. गणित एस.टी.चं होतं, पूर्ण तिकिटं किती आणि अर्धी किती. अक्काच्या गाडीत पूर्ण तिकिटाचे प्रवासी आले उणे आठ. "फुवा, मला आपली बोदवडची गाडीच दिसली. म्हटलं, म्हणजे आठ माणसं चढली की गाडी रिकामी! मला इतकं हसू फुटलं की पर्यवेक्षक धावत आले. काय झालं बाई? म्हटलं, चिन्ह चुकलंय, सर." मग तिने चिन्ह दुरुस्त केलं, आणि तेवढ्यावर न थांबता मागची सगळी उत्तरं अंदाजाशी ताडून पाहिली. त्यात आणखी दोन चुका सापडल्या.

फुवांनी टाळी वाजवली. "बठ्ठं जमनं!" म्हणजे सगळं जमलं, म्हणाले आणि पिशवी उचलून स्टँडकडे निघाले, साक्रीला दुसरी कुणी नापास झालेली मुलगी वाट पाहत होती. आबा मागून ओरडले, "दाजी, निकाल तर लागू द्या!" फुवा चालता चालताच म्हणाले, "तो लागना." त्यांच्या लेखी तो लागलाच होता. आईला बीजगणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरगी हसते आहे एवढंच तिला कळलं आणि ती तिथेच रस्त्यात रडायला लागली.

अक्का पास झाली, नोकरी पक्की झाली. पेढे घेऊन धुळ्याला गेलो तर फुवा घरी नव्हते. पुढेही कधी विषय काढला की "पेपर तिने लिहिला, मी काय केलं?" म्हणून उठून जायचे. आता तेच नाहीत. आमच्या घरात अक्काचं हसू परत आलं ते त्यांच्यामुळे, हे त्यांना कधी कळलं की नाही, कोण जाणे. आपण तिला बीजगणित शिकवलं, एवढंच बहुधा त्यांना वाटत राहिलं.