देवदूताची करंगळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मी मूळचा सावंतवाडीचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी करायचे. इथे आखातात, अल क्वोजमध्ये मी प्रदर्शनांच्या वस्तूंसाठी पेट्या बनवतो, आलेल्या पेट्या उघडतो. एकदा इटलीतल्या एका जुन्या ओरॅटरीतून — म्हणजे एका भाविक मंडळाच्या छोट्या प्रार्थनागृहातून — चित्रं आणि लाकडी मूर्ती आल्या. नियम साधा होता. पेटी एक दिवस बंद ठेवायची, लाकडाला इथली हवा मानवू द्यायची, मग तिकडून आलेल्या तज्ज्ञ बाईंसमोर उघडायची. फोरमन बजावून गेला, "हबीबी, कल तक हाथ नहीं लगाना."

शुक्रवार होता, सगळे नमाजाला गेले. मला राहवलं नाही — इतकं जुनं कोरीवकाम कसं असतं, एवढंच बघायचं होतं. झाकण हातातून निसटलं आणि आतल्या लाकडी देवदूताची करंगळी उडाली. कुठे गेली? पेटीतला फोम चाचपला, जमीन हातांनी पुसून काढली. नाही सापडली. नोकरी जाणार, व्हिसा जाणार, दुसरं काही सुचेना.

मग? संध्याकाळी वर्कशॉपमध्ये एका जुन्या फ्रेमचं लाकूड घेतलं, मूर्तीच्या कागदपत्रांतला फोटो समोर ठेवला आणि करंगळी कोरली. नख, सांध्यावरची सुरकुती, मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेला रंगसुद्धा. सकाळी बाई यायच्या आत बसवून टाकली. बाईंनी भिंगातून एकेक बोट पाहिलं, मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, असा हात आता कुणाचा राहिला नाही. छाती अशी फुगली माझी!

इथपर्यंत भीती होती, असं म्हणता येईल. पण — तीन महिन्यांनी मूर्ती परत पाठवताना तीच पेटी साफ करत होतो, तर फोमच्या फटीत खरी करंगळी. अख्खी. बाई दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांच्या हातावर ठेवता आली नसती का? आली असती. पण मग माझी काढून टाकली असती. मी ती खिशात घातली.

खरी आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. गावाकडच्या जुन्या मूर्तीची आहे, असं बायकोला सांगितलंय. ती रोज तिला फूल वाहते. आणि माझी तिकडे इटलीत, देवदूताच्या हातावर. लोक तिच्यापुढे गुडघे टेकत असतील. शरम वाटायला हवी, कळतं मला. आनंदच होतो, आजही.