चौकातली हाक

पिंप्राळ्यातल्या कॉम्प्युटर क्लासात कुंदा तायडे टायपिंग शिकवायची. क्लासचे मालक रुपचंदशेठ येईल-जाईल त्याला सांगायचे, "प्रोग्रामिंग हे काही पोरीबाळींचं काम नाही." अरे, एकदा सांगितलं, ठीक, रोज काय तेच तुणतुणं! कुंदा हट्टाला पेटली. १९९९ साली यावलच्या केळीवाल्यांच्या सोसायटीने ठिबकच्या पाण्यासाठी प्रोग्राम मागितला, तेव्हा ती शेठना म्हणाली, "मी करते. फसला, तर जन्मभर टायपिंग शिकवीन. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

गोम अशी, की जमीन बदलली, वाण बदललं, की पाण्याचं गणित बदलायचं. दर महिन्याला कुणीतरी नवं गणित घेऊन येणार आणि अख्खा प्रोग्राम उसवावा लागणार. कुंदाला ते मुळीच पटेना. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पुस्तकात तिला रिफ्लेक्शन नावाची युक्ती सापडली. एकेक गणित म्हणजे एकेक मेथड. त्या सगळ्या वेगळ्या फाइलीत ठेवायच्या. मूळ प्रोग्राम चालता चालता यादीतून नुसतं नाव वाचणार, त्या नावाची मेथड शोधणार आणि तिला हाक मारणार. पुस्तकातली पानं अवघड होती, पण कुंदाला बात लगेच उमगली. तिची आई केसरबाई यावलला केळीच्या बागांत मजुरी करायची. सकाळी मुकादम चौकात उभा राहून चिठ्ठीवरची नावं पुकारी आणि जिचं नाव येई ती उठून चालू लागे. कुंदाने आईलाही आपला प्रोग्राम असाच समजावून सांगितला होता.

दाखवायचा दिवस आला. सोसायटीच्या हापिसात दहा-बारा बागायतदार जमले. चेअरमन पितांबरनाना बेरकी माणूस. म्हणाले, "आमच्यासमोर नवं गणित घाल. टिश्यू कल्चरच्या रोपांची केळी, काळी जमीन. मूळ प्रोग्रामला हात लावायचा नाही."

कुंदाने मेथड लिहिली, यादीत तिचं नाव घातलं, एंटर दाबलं. पडद्यावर आलं, अशी मेथडच नाही!

"मी सांगत नव्हतो?" रुपचंदशेठ मोठ्यांदा म्हणाले. दोघे-तिघे हसले. कुंदाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण ती जागची हलली नाही. यादीतलं नाव आणि मेथडचं नाव तिने अक्षर न् अक्षर चारदा ताडून पाहिलं. तंतोतंत एकच!

लेकीचं काम पाहायला आलेली केसरबाई दाराबाहेर पायरीवर बसली होती. "काय झालं व माय?" तिने विचारलं.

"नाव बरोबर आहे, मेथडही आहे. तरी सापडत नाही म्हणतो."

"मंग घरात असन ती, दार लावून. चौकातून कितीबी बोंबला, कोन उठीन?"

कुंदाने कपाळावर हात मारला. पब्लिक! बाकी सगळ्या मेथडींपुढे तिने तो शब्द आठवणीने लिहिला होता. या एकीपुढे, चारचौघांच्या घाईत, राहून गेला. तो नसला की मेथड फाइलीत असूनही बाहेरच्या हाकेला सापडत नाही. तिने शब्द घातला, फाइल पुन्हा तयार केली, एंटर दाबलं. झाडामागे दिवसाला अठरा लिटर. नानांनी कागदावर मांडून पाहिलं, अठराच.

"शेठ, इथून पुढची गणितं हीच घालेल," नाना म्हणाले. रुपचंदशेठ खिशातला रुमाल शोधू लागले. "पण पोरी, चुकलं काय होतं?"

"दार बंद राहिलं होतं, नाना. बाहेर बसलेल्या बाईने सांगितलं."

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. केसरबाई नानांच्याच बागेत वीस वर्षं राबली होती. या हापिसाचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता, कुणी ओलांड म्हटलंही नव्हतं. कुंदा उठली, आपली खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "आई, आत ये."

केसरबाईने सवयीने नानांकडे पाहिलं.

"तिकडे नको बघू," कुंदा म्हणाली. "हाक मी मारली आहे."

केसरबाई पदर सावरत आत आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.