नोय गोदिंगचा अंगठा

नोय गोदिंगचं अंगण आणि माझं अंगण यांच्यामध्ये फक्त बांबूचं कुंपण आहे. त्या कुंपणाला किती भोकं आहेत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी सांगते ते ऐकीव नसतं. एकच गोष्ट मी नीट न पाहता सांगितली, आणि नेमकी तीच गावभर झाली.

नोय म्हणजे थोरला भाऊ. सगळं गाव त्यांना तशीच हाक मारतं, जशी मला मानांग, म्हणजे थोरली बहीण. वय सदुसष्ट. जन्मभर होड्या दुरुस्त केल्या आणि दर रविवारी आंब्याखाली पोरांना एस्क्रिमा, म्हणजे आमच्याकडची काठीची लढत, शिकवली. दीड हात लांबीची वेताची काठी, आणि शिकवायची रीत एकच: नोय वार द्यायचे, समोरच्यानं अडवायचे आणि फट दिसली की उलट मारायचं. काठीपेक्षा जिभेचेच फटके जास्त.

"अरे, माशा हाकलतोस काय?"

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय? हात बघ माझा, हात!"

आणि दिवसातून शंभरदा, "अंगठा आत!" मूठ काठीभोवती पुरती मिटलेली हवी. अंगठा काठीवर लांब टेकवला, की समोरच्याचा पहिला फटका त्यावरच पडणार.

त्यांच्या शिष्यांत सगळ्यांत तयार लिवाय. बाजारात मासे विकते, वय बावीस, बोलणं मोजकं. नोयनंतर हीच शिकवणार, हे आम्ही शेजारणींनी कधीच ठरवून टाकलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी तिचा फटका नोयच्या उजव्या हातावर बसला. मी कपडे वाळत घालत होते. कडकन आवाज आला, वळून पाहिलं तर लिवाय पांढरीफटक, आणि नोय हात पोटाशी धरून उभे. "आज पुरे," एवढंच म्हणाले. अंगठ्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

संध्याकाळी पावाच्या दुकानात मी म्हटलं, "पोरीला हात आवरला नाही, म्हाताऱ्याचा अंगठा मोडला." बस्स. दोन दिवसांत 'तिला गुरूची जागा हवी होती, मुद्दाम मारलं' इथवर गोष्ट पोचली. मसाला माझा नव्हता, पण चूल मीच पेटवली होती. लिवाय आपली काठी नोयच्या फाटकाला टांगून गेली ती आलीच नाही. मासे घेऊन जाताना आमची गल्ली टाळून किनाऱ्यावरून वळसा घ्यायची.

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं, पण अंगठा काही वाकेना. नोयना चमचा धरवेना, तिथे काठीचं काय! वर्ग बंद पडला. बायको वारलेली, मुलगी दूर जहाजावर नोकरीला. म्हणून दुपारी मीच जाऊन कोंबडी घातलेली भाताची पेज करून द्यायची.

एकदा पेज फार घट्ट झाली. ढवळताना जोर यावा म्हणून मी डावाच्या दांडीवर अंगठा टेकवला.

"अंगठा आत!" मागून नोय खेकसले.

मला हसू आलं. "का हो नोय, पेज मला मारणार आहे का?"

ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा डाव पातेल्यातच थांबला.

"नोय, त्या दिवशी तुमचा अंगठा कुठे होता?"

नोयनी न वाकणारा अंगठा डाव्या मुठीत धरला.

"काठीवर," ते म्हणाले. "वर्ष झालं, सेपा. मूठ आवळत नाही. काठी निसटते. अंगठा टेकवला की जरा आधार मिळतो. पोरांना दिसू नये म्हणून हात भराभर फिरवायचो."

"आणि लिवाय?"

"तिला दिसलं. उघडा अंगठा दिसला की तिथेच मारायचं, मीच शिकवलंय. तिनं बरोबर मारलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आधी बोललीस. मला ते सोयीचं झालं."

मी पेज वाढली आणि चमचा त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

शनिवारी ते बाजारात निघाले. मी मागोमाग. लिवाय एका बाईसाठी मासा साफ करत होती. नोय तिच्या फळीपुढे उभे राहिले आणि आंब्याखालच्या आवाजात म्हणाले, "माझा अंगठा काठीवर होता. चूक माझी. पोरीचा फटका बरोबर होता."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

"आणि गावभर केलं ते मी," मी म्हटलं.

"ते माहीत आहे, मानांग," लिवाय म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. ती हसली नाही.

"दोन महिने, नोय. आई रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावायची. मला वाटायचं, मी तुमचा हात घालवला."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली, पोरी. म्हातारा झालो हे सांगायची."

ती खवले काढत राहिली. गिऱ्हाईक बाईनं घाई केली नाही.

"मला आता वार देता येत नाहीत," नोय म्हणाले. "तू दे. मी डाव्या हातानं पहिल्यापासून शिकेन. पोरांच्या रांगेत."

लिवायनं मासा पानात गुंडाळून बाईच्या हाती दिला, हात धुतले.

"किती वाजता?"

"नेहमीसारखं. दोनला."

"दोनला ऊन फार असतं. लहान पोरांना चक्कर येते. चारला."

तीस वर्षांत वेळ बदला असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"चारला," ते म्हणाले.