मंगळाच्या नाटकाची शेवटची तबकडी

आमच्या वन्संना मंगळ होता. साधासुधा नव्हे, कडक. बारामतीचे जोशीबुवा त्यांची पत्रिका उलगडायचे, चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे, आणि तेवढ्यावरच समोरचा माणूस टोपी सावरून उठायचा. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. रंगानं उजळ, हाताला चव, बोलायला मऊ. मी त्यांची भावजय असून म्हणते, म्हणजे बघा. पण मंगळाची पोर नवऱ्याला खाते, असं लोक तोंडावर म्हणायचे. जिला मुंगी मारवत नाही ती नवरा कसला खाते, कपाळ! पण लोकांचं तोंड कोण धरणार? त्यांच्या बरोबरीच्या पोरी मांडीवर लेकरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या होत्या, आणि वन्सं त्यांच्या लेकरांना काजळ घालत बसायच्या.

मी पळसदेवची. लग्न होऊन बारामतीच्या पेठेत आले. सासऱ्यांची गुळाची अडत होती, पुढं दुकान आणि मागं घर. सौदे सुरू व्हायला दुपार व्हायची. तोवर पिंपळी-सांगवीकडनं गुळाच्या गाड्या घेऊन आलेली माणसं कंटाळायची आणि दुसऱ्या अडतीकडं सरकायची. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यावर उपाय काढला. त्यांनी फोनो आणला. मोठा कर्णा, बाजूला चावी, आणि गाण्यांच्या तबकड्या. गाणं लागलं की गाड्यांचे बैल आमच्याच दारात सुटायचे.

पण फोनो लावायचा कुणी? मामंजींची बोटं गुळाच्या भेल्या उचलून राठ झालेली, सुई टेकवायला गेले की तबकडीवर ओरखडा. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दम कसा तो नाही, अर्ध्या चावीतच हात काढायचे, मग गाणारा बिचारा रेडकासारखा ओरडायचा. शेवटी ते काम वन्संकडं आलं. फोनो दुकानाच्या आणि घराच्या मधल्या दारात ठेवलेला असायचा. वन्सं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसायच्या. बाहेरच्या माणसांना त्यांचा नुसता हात दिसायचा, मनगटापर्यंत. तो हात तबकडी पुसायचा, सुई बदलायचा, चावी द्यायचा, आणि परत आत जायचा.

एक दिवस दौंडच्या गाडीनं नव्या तबकड्यांचा खोका आला. पुण्याच्या दुकानदारानं धाडलेलं ताजं नाटक होतं, चार तबकड्यांचं. एक शास्त्रज्ञ लोखंडाच्या गोळ्यात बसून मंगळावर जातो, असं ते नाटक. मामंजींनी वरचं नाव वाचलं आणि खोक्याचं झाकण परत लावायला घेतलं.

"आदीच घरात एक मंगळ हाय," आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आनी तुमी दुसरा इकत आणलासा!"

पण बाहेर माणसं खोळंबली होती. वन्संनी आतून हात पुढं केला, आणि पहिली तबकडी फिरायला लागली.

काय सांगू! तमाशाला झाली नसेल अशी गर्दी त्या नाटकाला झाली. पहिल्या तबकडीत तो शास्त्रज्ञ बायकोचा निरोप घेतो. दुसरीत गोळा उडतो, आणि त्याच्या घरघराटानं पेठेतली कुत्री भुंकायला लागली. तिसरीत तो मंगळावर उतरतो आणि बिनतारी यंत्रातून बायकोला सांगतो, की इथं देव नाही, दैत्य नाही, कुणाचा राग नाही आणि कुणाचा लोभ नाही. नुसती तांबडी माती आहे आणि दगड आहेत. चौथीत त्याच्याजवळची हवा संपत येते. बायको इकडून हाका मारते, "बोला ना, अहो बोला ना!" आणि मग नुसती खरखर. संपलं नाटक.

पहिल्या दिवशी ते ऐकून गाडीवानांनी गूळ उतरवायचा सोडून दिला. एक पहिलवान गडी पागोट्याच्या शेमल्यात तोंड लपवून रडत होता. सांगवीच्या एका म्हाताऱ्यानं मामंजींना गळ घातली, "तात्या, तबकड्या उलट्या लावा की. शेवटली आदी, पैली शेवटाला. म्हंजी गडी घरला तरी यील." खरंच तशा लावल्या. तो आधी मेला, मग उतरला, मग उडाला, आणि शेवटी घरी बायकोशी बोलत बसला. म्हातारा समाधानानं तंबाखू मळत उठला. एका बाईनं फोनोपुढं नारळ फोडला, त्याचं पाणी उडून कर्ण्यात गेलं. शाळेचे मास्तर म्हणाले, हे सगळं कल्पनेचं आहे. त्यांच्याशी त्या दिवशी कुणी धड बोललंही नाही.

बाजारच्या दिवशी इंदापूरकडचा एक जण आला. केळीची बाग, विहिरीवर तेलाचं इंजिन, आणि ते इंजिन बिघडलं तर स्वतः खोलून बसवणारा. बाप लहानपणीच गेलेला, आईनं एकटीनं वाढवलेला. त्यानं उभ्या उभ्या तीन तबकड्या ऐकल्या आणि तेवढ्यात इंदापूरची मोटार सुटायची वेळ झाली. तो पळाला. पुढच्या बाजारी आला तो आल्या आल्या म्हणाला, "फुडं काय झालं त्ये कुनी सांगू नगा बरं का! मी माझ्या कानांनी ऐकनार." पण त्या दिवशी मामंजी गावाला आणि फोनोला कुलूप. एक गाडीवान बोलायला लागला तर यानं दोन्ही कानांत बोटं घातली. सगळी पेठ हसली. दाराआड वन्संही हसल्या, ते त्यानं ऐकलं.

मग त्यानं चौकशी केली, हा हात कुणाचा. कुणीतरी सांगितलं, आणि मंगळाचंही सांगितलं, लोक ते बरं विसरतील! तर तो म्हणाला म्हणे, "मंगळ? आवो, मंगळावर तर नुसती माती हाय. तीन तबकड्या ऐकल्या न्हवं मी!"

हे शब्द आणि पाठोपाठ त्याची मागणी आमच्या घरात आली तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर करपली. मी तर वन्संचे दोन्ही हात धरून गिरकीच घेतली. इतक्या वर्षांत पहिला माणूस असा भेटला होता, जो पत्रिका न बघता स्वतः होऊन मागणी घालत होता. त्यानं घरी जाऊन आईला ते नाटक रोज थोडं थोडं सांगितलं. ती माउली पोथी ऐकावी तशी हात जोडून ऐकायची. मंगळावर देव-दैत्य काही नाही, हे तिला लेकानं पटवलं होतं. तिचा निरोप आला, पोरगी बघायला येतो, मनासारखं झालं तर सुपारी फोडूनच जातो. सुपारी फोडली म्हणजे सोयरीक पक्की. निरोपाच्या शेवटी एक वाक्य होतं, "आनी ऱ्हायलेलं नाटक तितंच ऐकू."

ते ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. शेवटच्या तबकडीत तो माणूस मरतो. मंगळावर मरतो. आणि ही बाई एकुलत्या एका लेकाचं मंगळाच्या पोरीशी लग्न लावायला निघालेली.

मी सरळ सांगितलं, "शेवटची तबकडी फुटली म्हणून सांगू."

"सुपारीच्या कामात खोटं न्हाय चालायचं," मामंजी म्हणाले.

"मग खरंच फोडते," मी म्हटलं आणि खोक्यातली तबकडी काढली. वन्संनी माझं मनगट धरलं. एरवी आवाज न चढवणारी बाई, पण पकड अशी, की माझ्या बांगड्या रुतल्या.

"वैनी, फोडू नगा. त्येंनी शेवट ऐकायचा म्हनून कानांत बोटं घातली. त्येंना कळंल. मातीच हाय तितं, त्येच म्हनाल्यात न्हवं का?"

त्यांचा विश्वास बघून मला रडू यायला लागलं. तबकडी मी परत खोक्यात ठेवली. काय करणार होते? मास्तरांसारखं समजावणार होते, की मारुतीला नवस बोलणार होते? नवस बोलले. दोन्ही हात जोडून बोलले, की त्या बाईला दुपारी झोप लागू दे.

ती आली. साधं लुगडं, कपाळ पांढरं, बोलणं मायेचं. तिनं वन्संना जवळ बसवून घेतलं, त्यांचे हात उलटे सुलटे करून बघितले आणि म्हणाली, "ह्योच व्हय त्यो हात! माजा ल्योक ह्या हाताचंच सांगत असतो." तो बाहेर ओसरीवर बसला होता, त्याचे कान लाल झाले. तिनं फोनोला फूल वाहिलं. ताटात सुपारी होती, अडकित्ता होता, गुळाचा खडा होता. मामंजींनी अडकित्त्याला हात घातलासुद्धा.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "आदी ती ऱ्हायलेली लावा."

मी पुढं झाले. "आधी सुपारी होऊ द्या ना. मुहूर्त टळतो. नाटक काय, कधीपण ऐकता येतं."

"तसं न्हाय लेकी. आमच्यात पोथी सुरू केली का समाप्ती करायचीच. अर्धी पोथी तशीच ठिवून शुभकाम करत न्हाईत. ल्योकाच्या लग्नाला असली उणीव कशाला?"

आमच्या घरातही हाच नेम. श्रावणात पोथी लागली आणि मध्येच कुणाला ताप आला तरी दुसरा कुणी बसून ती पुरी करायचाच. त्या बाईनं नाटकाची पोथी केली होती, आणि ती चूक आहे असं म्हणायला आमच्यापैकी एकाचीही जीभ वळली नाही.

तबकडी लावायला वन्संच उठल्या. दुसऱ्या कुणाला येतच नव्हती ना! त्यांनी तबकडी फडक्यानं पुसली, नवी सुई बसवली, चावी पुरी दिली. आणि मी तिथं उभी होते, दोन पावलांवर, आणि मला काहीएक करता येत नव्हतं. त्या नाटक लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्या माणसाला सुखरूप खाली आणलं असतं तर तुझ्या बापाचं काय जाणार होतं, मेल्या!

नाटकातला माणूस धापा टाकायला लागला. त्याची बायको हाका मारायला लागली. ओसरीवरचा तो गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं झुकला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर निखळ आनंद होता, आवडीचं नाटक पुरं ऐकायला मिळाल्याचा. मग त्याचं लक्ष आईकडं गेलं.

तिनं पदर तोंडावर दाबला होता. खरखर सुरू झाली, संपली. वन्संनी सुई उचलली.

"आई," तो म्हणाला, "नाटक हाय गं त्ये."

"व्हय बाबा, नाटकच हाय."

"तितं काय न्हाय. नुसती माती हाय."

"माती हाय, दगडं हायती, समदं ऐकलं म्या. पर त्येची बायकू तर मंगळाची न्हवती, तरी मंगळानं तिचा दादला न्हेला." तिनं वन्संकडं बघितलं आणि तिचा आवाज फुटला. "पोरी, तुज्यात काय खोट न्हाय गं. मला येकच हाय. मी लई भित्ये."

कुणी भांडलं असतं तर मी भांडले असते, मला ते येतं. ती बाई रडत होती. तिच्याशी काय भांडायचं? मी म्हटलं, "अहो, कुण्या माणसानं बसून लिहिलंय हो ते!" तिनं मान हलवली, तिला ते कळत होतं. तो ओसरीवरून उठला, आत दोन पावलं आला, तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि परत गेला. जिनं भुईमुगाच्या शेंगा वेचून त्याला वाढवलं तिच्यापुढं तो काय बोलणार होता? मला त्याचा रागही धड करता आला नाही.

तिनं माझ्या हातानं वन्संची ओटी भरवली. खण, नारळ, सगळं यथासांग. सुपारी ताटात तशीच राहिली. मग ती दोघं मोटारीच्या अड्ड्याकडं चालत गेली, तो पुढं आणि ती मागं.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मामंजी म्हणाले, फोनो विकून टाकतो. वन्सं म्हणाल्या, "नगा विकू. गाड्या येनार न्हाईत." आणि खरंच, पुढच्या बाजारी पेठ परत भरली. पिंपळीच्या बायका त्या दिवशी मुद्दाम गाडी जुंपून आल्या होत्या, सगळ्याच पहिल्यांदा ऐकायला. त्यांना आत, वन्संच्या शेजारी बसवलं. चारही तबकड्या झाल्या. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, एक तर हुंदके देत होती, "त्येच्या बायकूचं काय झालं असंल गं, बिचारीचं!" मग तिनं वन्संकडं बघितलं. त्या सुई काढून डबीत ठेवत होत्या, डोळे कोरडे.

"तुला गं कसं रडू येत न्हाय? दगडाची हाईस का काय?"

"मला पाठ हाय, मावशी," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी परत पहिली तबकडी लावली.