गाण्याआधीचा आवाज

देवळातली घंटासुद्धा निव्वळ सवयीने वाजवणारा माणूस आहे मी. लोकांचे असे अतर्क्य अनुभव वाचून बायकोजवळ हसायचो. आज स्वतःचा लिहितोय, आणि लिहिताना भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

गोष्ट २०१२ सालची. गोंदियात आमगाव रोडला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथेच आमचा बँड जमायचा — 'भुसा'. पंक वाजवायचो. म्हणजे तीन सूर, भरपूर गोंगाट, आणि मनात असेल ते ओरडून म्हणायचं.

ड्रमवर मिलिंद, दरेकशाचा. आधी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. पॅसेंजरने यायचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि प्रत्येक गाण्याआधी तोच मोजायचा — "एक... दोन... तीन... चाला बापा." खर्र्यामुळे 'तीन' जरा जड यायचं. पहिल्या अल्बममध्ये हे मोजणं मी सगळ्या गाण्यांतून कापलं. गावठी वाटतं, म्हणालो. तो हसला. "काप ना बे. मी कुठी गाणं म्हणून राहिलो?"

पुढे त्याचा घसा बसायला लागला, रिहर्सल चुकायला लागली. मी फोनवर म्हटलं, आधी बरा हो — आणि ऑर्केस्ट्रातला राकेश घेतला. मिलिंदचं नागपूरला ऑपरेशन झालं, एवढं कानावर आलं. भेटायला गेलो नाही. नव्या अल्बमची गडबड आहे... असं स्वतःलाच सांगत राहिलो.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी शटर पाडून आम्ही नवा अल्बम रेकॉर्ड केला. एकच माइक, सगळे एकत्र. राकेश मोजत नसे, ड्रमच्या काड्या एकमेकींवर वाजवून सुरू करायचा. शेवटी कॉम्प्युटरवर गाणी लावली. काड्यांच्या आधी — "एक... दोन... तीन... चाला बापा." जड 'तीन'सकट. घसा बसण्याआधीचा स्वच्छ आवाज. प्रत्येक गाण्याआधी.

राकेश म्हणाला, "भैया, ये गिन कौन रहा है?"

जुनं रेकॉर्डिंग मिसळलं असेल, म्हणालो. ते शक्य नव्हतं. जुना कॉम्प्युटर मी केव्हाच भंगारात दिला होता. मला वाटलं, मिलिंद गेला... आणि मला जाब विचारायला आलाय. सगळे निघून गेल्यावर मी तो आवाज कापला आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली. मूळ काही उरलं नाही.

सीडी तयार झाल्यावर राहवेना, दरेकशाला गेलो. मिलिंद अंगणात खाटेवर बसला होता. जिवंत. मला पाहून हसला. गळ्यावर पातळ कपडा, त्याखाली श्वासाचं भोक. आदल्या दिवाळीत कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून आवाजच नाही — हे त्याच्या बायकोने, संगीताने सांगितलं.

चहा देताना मिलिंदकडे बघत ती म्हणाली, "भाऊजी, यायचा आवाज हाये का जी तुमच्यापाशी? कसाही चालते. आमच्या घरी कायच नाही. पोरगी आता बोलाले लागली, तिले बाबाचा आवाज माहीतच नाही."

मी म्हणालो, नाही.

ती आत गेली. मिलिंदने खाटेच्या लाकडावर बोटाने ठोके दिले — एक, दोन, तीन — आणि ओठ हलवले. चाला बापा. आवाज नाही, गळ्यातून नुसती हवा.

तिथेही मी खरं सांगू शकलो नाही. आजपर्यंत नाही.

तो आवाज कुठून आला, मला कळलेलं नाही. त्यानंतर कितीदा तरी दुपारी शटर पाडून माइक चालू ठेवला... उन्हाने तडतडणाऱ्या पत्र्याशिवाय काही येत नाही.

आमच्या कार्यक्रमांना तेव्हा काही पोरं मोबाइलवर रेकॉर्ड करायची. तुमच्यापैकी कुणाकडे काही उरलं असेल तर कृपा करून कळवा. गाणं नसलं तरी चालेल. गाण्याच्या आधीचं पाहिजे.