कोलोरॅडोकाठी शंभराच्या आत

सांता क्लाराहून पहाटे निघताना काकूंनी दशम्यांचा डबा हातात दिला आणि वर काकांना धमकीही दिली.

"या वेळी शंभराच्या आत आलात तर ठीक. नाही तर या गोल्फच्या काठ्या मी गराज सेलमध्ये विकायला काढते."

मोहरील काका मूळचे नागपूरचे, अमेरिकेत वीस वर्षं नोकरी करून नुकतेच रिटायर झालेले इंजिनिअर. मी त्यांच्याकडे भाड्याने राहणारा पुणेकर. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळाडू मोठा, आणि सहा वर्षं दर शनिवारी घाम गाळूनही काकांना अठरा भोकं (होल) शंभर फटक्यांच्या आत कधी जमली नव्हती. दोष घराजवळच्या खाडीवरच्या दमट हवेचा आहे, असा त्यांनी शोध लावला होता. म्हणून कोरड्या हवेत, कोलोरॅडो नदीच्या काठाने, नीडल्सपासून यूमापर्यंत खेळत जायचं ठरलं. मला गोल्फ येत नव्हता. मी ड्रायव्हर आणि प्रेक्षक.

बार्स्टोच्या पुढे वाळवंट सुरू झालं. एसी लावला की इंजिन तापायचं, त्यामुळे खिडक्या उघड्या टाकून आम्ही आणि दशम्या सारख्याच भाजत गेलो. मग उजाड, तपकिरी डोंगरांमधून एकदम निळीशार नदी दिसली. काकांनी सवयीने हात जोडले आणि नीडल्सला त्याच नदीला सात चेंडू अर्पण केले. फटके झाले एकशे चौदा.

पार्करला एक चेंडू वॉशमध्ये (कोरड्या ओढ्यात) गेला. काका तो आणायला उतरले आणि पँटभर काटे घेऊन परत आले. तिथे एकशे सात. संध्याकाळी खानावळीत आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर वाढणारीने हळूच विचारलं, "किती दिवस झाले?" काकांनी सांगितलं, "जन्मापासून." तिने बिचारीने आम्हाला दोन सूप फुकट दिली.

शेवटचा दिवस यूमाचा. तिथे आमच्याबरोबर अर्ल नावाचा एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर खेळायला आला. त्या दिवशी काकांच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. शेवटच्या भोकापाशी आले तेव्हा अठ्ठ्याण्णव फटके झाले होते आणि चेंडू भोकापासून पाच पावलांवर होता. हा एक फटका आत गेला की काठ्या वाचणार होत्या. मी भोकाच्या मागे उभा होतो आणि माझ्यामागे उतार थेट कालव्यापर्यंत जात होता.

काकांनी चेंडू ढकलला. तो माझ्या रोखाने सरपटत आला. गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेला माणूस अशा वेळी विचार करत नाही. मी पुढे झेपावलो, गुडघा टेकून चेंडू भोकाच्या अलीकडेच अडवला आणि काकांकडे फेकला. फेक उत्तम होती. काकांनी एका हाताने झेललाही. मग दोघेही जागच्या जागी थिजलो.

"अबे, काय केलं बे हे?" काका म्हणाले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अर्लने शांतपणे खिशातून नियमांची चोपडी काढली.

"प्रेक्षकाने अडवला तर फटका रद्द. होता तिथे ठेव आणि परत मार."

काकांनी परत मारला. मी दोन्ही हात खिशात घातले होते. चेंडू भोकाच्या काठावर रेंगाळला आणि आत पडला. नव्याण्णव. अर्लने टोपी काढून हात मिळवला, पण काका हसले नाहीत.

यूमाबाहेरच्या वाळूच्या टेकड्या मागे पडल्या. तेव्हा काका म्हणाले, "तू भोकामागे उभा होता. खरं सांग, पहिला जात होता ना?"

"सरळ आत, काका."

त्यांनी मोठा श्वास सोडला, डबा उघडला आणि उरलेल्या साऱ्या दशम्या एकट्याने संपवल्या.

घरी काकूंनी त्यांच्यावर नाही, माझ्यावर नजर रोखली. "खरं का रे?"

"नव्याण्णव, काकू. मी समोर होतो."

काठ्या गराजमध्येच राहिल्या. काका अजून दर शनिवारी जातात, पण शंभराच्या आत पुन्हा कधी आले नाहीत. प्रवासाने माणूस खरा होतो म्हणतात; माझं उलटच झालं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. तो पहिला चेंडू भोकापासून वीतभर डावीकडून थेट कालव्याकडे निघाला होता.