अक्कासाठी तिसऱ्या: वारजे ते विश्रांतवाडी

सून म्हणाली, "आई, फोनवर मागवलं की मासळी घरपोच येते. कशाला उन्हात जाता?" येईल हो घरपोच, पण वाजवून कोण देणार? तिसऱ्या म्हणजे त्या बोटभर रुंद शिंपल्या. वाजवल्याशिवाय आमच्याकडे घरात घेत नाहीत. म्हणून ठरवलं, आपणच जायचं. वारज्याहून कॅम्प, कॅम्पातून विश्रांतवाडी, म्हणजे सगळं पुणं आडवं कापायचं. कुणाला असं जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली, वहीत लिहिते, नात फोनवर चढवते. चुकलं असेल ते तिचं, बरं असेल ते माझं.

तिसऱ्या मागितल्या होत्या अक्कानं. माझी थोरली बहीण, विश्रांतवाडीला लेकाकडे असते. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि सांगितलं, मागेल ते खाऊ द्या. यावरून काय ते समजा. तीन महिने तिनं काही मागितलं नाही. मग एका सकाळी फोनवर म्हणाली, "बाय, तिसऱ्या खाव्याशा वाटतात गो." मला इतका आनंद झाला की फोन ठेवून एकटीच हसत बसले.

वाजवायचं कशाला, तेही सांगते. आम्ही कोकणातल्या, खाडीकाठच्या. अक्का बारा वर्षांची होती, आई शेतावर गेलेली. अक्कानं टोपलीत राहिलेल्या आदल्या दिवशीच्या तिसऱ्या रांधल्या. आमचा धाकटा भाऊ बाबू चार वर्षांचा, त्यानं आवडीनं जास्त खाल्ल्या. दोन दिवसांत गेला. अक्काला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यानंतर ती शंभर शिंपल्या असल्या तरी शंभर वाजवायची. लग्न होऊन दोघी पुण्याला आलो, तरी तेच.

तर वारजे माळवाडीहून स्टेशनची बस धरली. सकाळी लवकर निघा, खिडकी मिळते, आणि सुट्टे पैसे ठेवा, नाहीतर कंडक्टर असा बघतो की आपणच नोटा छापल्या. स्टेशनबाहेर चहा आणि क्रीमरोल खाल्ला. क्रीमरोल काल परवाचा असावा, पण मी खुशीत होते, गोड लागला. तिथून कॅम्पातल्या मासळी बाजारापर्यंत रिक्षा केली.

बाजारात आधी नाक चालवायचं असतं. माझं नाक लॉकडाऊनमधल्या त्या मोठ्या आजारापासून गेलंय, उदबत्ती काय आणि गटार काय, सारखंच. म्हणून कान आणि हात. तोंड मिटलेली शिंपली घ्यायची. उघडी असेल तर तिच्यावर नखानं टकटक करायचं. जिवंत असेल तर हळूच मिटते, नाही मिटली तर मेली. दोन शिंपल्या एकमेकींवर आपटायच्या, गोट्यांसारखा भरीव आवाज हवा. पोकळ आवाज आला तर ठेवून द्यायची, आणि नको तितकी जड लागली तर आत चिखल.

मासेवाली बघत राहिली. "आजी, तिसऱ्या घेताय का तबला?"

"तबलाच. बहिणीला ऐकवायचाय."

"मग वाजवा. संध्याकाळपर्यंत बसलेच आहे मी."

दोन वाटे वाजवून घेतले. सगळ्या जिवंत, माझ्या बोटाखाली मिटणाऱ्या. कापडी पिशवी विसरले होते, तिनं प्लास्टिकची दिली आणि म्हणाली, "तोंड उघडं ठेवा हां." मला सांगते! मी हसले.

आळंदीकडची बस विश्रांतवाडीला थांबते. जागा मिळाली, पण शेजारच्या बाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अहो, समुद्र घेऊन निघालात का?" मागून कुणीतरी हसलं. मला वास येत नाही, त्यामुळे किती येतोय ते कळेना. फार लाज वाटली. मी पिशवीला गाठ मारली. मग दुसऱ्या पिशवीत घालून तिलाही मारली. येरवड्याच्या पुढे बस अडकली ती अडकलीच. एप्रिलची दुपार, पिशवी मांडीवर, आणि मी आपली वाटपाला नारळ किती लागेल याचा विचार करत बसलेली.

अक्काकडे स्वयंपाकघरात गाठी सोडल्या, तर बहुतेक शिंपल्यांनी आ वासलेला. एकीवर टकटक केलं. दुसरीवर केलं. एकही मिटेना. खाडीकाठी वाढलेली मी, जिवंत जीव कोंडून मारले.

मिटलेल्या वेगळ्या काढल्या, मूठभर निघाल्या. मनात आलं, एवढ्या रांधाव्या. ती खाणार दोन घास, आणि आता तिला आणखी काय होणार आहे? खरं सांगते, हे आलं मनात. पातेलं चढवलंसुद्धा.

आतून अक्काचा आवाज आला. "बाय, वाजवल्याचं ऐकू नाही आलं. इकडे आण."

थाळी नेली. तिनं त्यातल्याच दोन घेतल्या, कानाशी नेऊन आपटल्या. परत आपटल्या. थाळीत ठेवल्या.

"टाक."

"अगं, या मूठभर बऱ्या आहेत."

"एकाच पिशवीत होत्या ना? टाक. माझ्या हातून एकदा झालंय. तुझ्या हातून नको."

मी टाकल्या. मग नुसतंच वाटप केलं, ओलं खोबरं, लाल मिरची, कोकम, आणि भात. तिनं दोन चमचे खाल्ले. "यात समुद्र नाही," म्हणाली. मी म्हटलं, "मीठ घातलंय की!" हसलो दोघी. मग हात पुढे करून म्हणाली, "आता मला वाजव, बघ जिवंत आहे का." मी तळव्यावर नखानं टकटक केलं. तिनं हळूच मूठ मिटली, माझं बोट आत धरून. बराच वेळ सोडलं नाही. त्या दुपारी मी किती सुखात होते, ते मला लिहिता येत नाही.

शनिवारी परत जाणार होते, या वेळी ओल्या गोणपाटात बांधून. गुरुवारी भाच्याचा फोन आला. त्याच दोन बस, बाजारात मात्र गेले नाही. अक्काच्या तळव्यावर टकटक केलं. लोक बघत होते, बघू दे. हात उघडाच राहिला.

घरी आले तर शनिवारसाठी धुतलेलं गोणपाट ग्रिलवर वाळत होतं. सून म्हणाली, "टाकून देऊ का, आई?" म्हटलं, राहू दे.

तुम्ही तिसऱ्या न्याल तेव्हा ओल्या गोणपाटात न्या. पिशवीच असेल तर तोंड उघडं ठेवा. बसमध्ये कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.